रांगेतली मोकळी जागा

मालकांनी रांग भरून टाकली! विचारलं नाही, सांगितलं नाही. नकाशेवालीने सकाळी गेम उघडला, तर पावाच्या दुकानासमोर तिने जिवापाड जपलेल्या मोकळ्या जागेत काडतुसांची पेटी. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गेम जुन्या धाटणीचा, बंदूक घेऊन धावायचा. ठोकळ्यांसारख्या इमारती, राखाडी आभाळ, भिंतींवर पक्षाच्या लाल घोषणा, खांबाखांबावर कर्णे. अशाच राज्यात तिचं बालपण गेलं होतं, म्हणून तर मालकांनी तिला नकाशे रचायला घेतलं. गळका नळ, जिन्याचा तुटका कठडा, सगळं तिने आठवून आठवून उभं केलं. रांग मात्र तिच्या आठवणीतली नव्हती, आत्याच्या होती.

आत्या आणि तिचा दादा, म्हणजे नकाशेवालीचे वडील, पावाच्या रांगेत उभे होते. पिशवी घरी राहिली म्हणून आत्या म्हणाली, "दादा, माझी जागा धर, आलेच." परत येते तो दादा नाही. कर्ण्यावरच्या भाषणाला हसला म्हणून लांब कोटातल्या दोघांनी त्याला उचललं होतं. रांगेत कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कोण, जीव नकोसा झाला होता का? पण रांग सरकली तेव्हा मागच्या बाईने दादाची जागा सोडून पाऊल टाकलं. पाव संपेपर्यंत ती मोकळी जागा रांगेबरोबर सरकत राहिली, कुणीही भरली नाही. दादा काही परत आला नाही.

"साहेब, हे सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं," नकाशेवाली म्हणाली.

"सांगितलं असशील गं. पण रांग तुटकी दिसते. लोक म्हणतील, काम अर्धवट आहे. आणि पुढे एवढी मारामारी, त्याला गोळ्या नकोत? गेम आहे हा, शोकसभा नव्हे!"

वा रे शहाणे! आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळालाच नावं ठेवतो.

दुपारी आत्या आली. बोलावलं होतं मालकांनीच. तो काळ भोगलेली बाई गेम खेळते आहे, असं चित्रीकरण त्यांना जाहिरातीसाठी हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. नकाशेवालीने तिला पेटीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर कॅमेरावालीने कॅमेरा सुरूही केला.

आत्या बटणं चाचपत दुकानापर्यंत पोचली. अशा गेममधली माणसं सपाट चित्रांची असतात, कुठूनही बघा, तोंड तुमच्याकडेच.

"सगळे माझ्याकडे बघतायत गं," ती म्हणाली. "त्या दिवशी एकानेही मान वर केली नव्हती." मग ती थबकली. "इथे पेटी कुणी ठेवली?"

"जागा रिकामी होती ना, आजी," मालक हसले. "उचला, गोळ्या मिळतील."

"रिकामी? डोंबल तुझं! माझा भाऊ उभा होता तिथे! भुकेली माणसं होती ती, घाबरलेली, पण एकानेही ती जागा घेतली नाही. आणि तुला, पोटभर जेवून खुर्चीत बसलेल्याला, तीच खुपली?"

"हे कापू आपण," मालक कॅमेरावालीला म्हणाले. तिने कॅमेरा बंद केला नाही.

आत्या पुढे सरकली. पेटी उचलली गेली, जागा मोकळी झाली. ती तिच्या मागे, आपल्या जागेवर उभी राहिली आणि बटणांवरचा हात काढला. मागून गेममधला लांब कोटवाला आला, त्याने गोळी घातली, पडदा लाल झाला. पातळी पुन्हा पहिल्यापासून, पेटीही पुन्हा जागेवर. आत्या पुन्हा चालत गेली, पेटी उचलली, उभी राहिली. पुन्हा लाल.

"आजी, असं किती वेळ?" मालकांचा आवाज चढला. "बास करा आता!"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती खुर्चीतून उठली आणि भाचीला म्हणाली, "पाणी पिऊन येते. माझी जागा धर."

नकाशेवाली खुर्चीत बसली. मालक टेबलावर हात आपटून म्हणाले, "ऊठ! नोकरी प्यारी आहे ना?"

तिने गेममध्ये दुकानापर्यंत जाऊन पेटी उचलली, आत्याच्या जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या येईपर्यंत मी हलणार नाही, साहेब. आणि ही पुढची जागा माझ्या बाबांची आहे."