दोन्ही बाजू जाणणारा माणूस

आमचे हे अर्थतज्ज्ञ. सरकारी नोकरीत असताना सिमेंटच्या किमतीवर मर्यादा घालणारा नियम यांनीच लिहिला. मग दुप्पट पगारावर सिमेंट कंपनीत गेले आणि पहिल्याच महिन्यात त्याच नियमावर लांबलचक आक्षेप लिहून सरकारकडे धाडला. नियम करणाऱ्याला बाजार कशाशी खातात हेही ठाऊक नाही, असं त्यात ठणकावलं होतं. लिहिताना हात जरासुद्धा कचरला नाही.

सरकारी कारभार तो. आक्षेप तसाच पडून राहिला. कंपनीशी बिनसल्यावर हे सल्लागार म्हणून सरकारात परतले, तेव्हा टेबलावर तोच यांची वाट बघत होता.

संध्याकाळी घरी आले ते धुमसतच. "या कंपनीवाल्यांना काडीची अक्कल नाही."

"अहो, तो आक्षेप तुम्हीच लिहिलाय ना?"

"म्हणून काय झालं? उत्तर द्यायला नको?"

"मग खरं कोणाचं?" मी भाजी चिरता चिरता विचारलं.

"तेच ठरवायला समिती नेमतोय," हे आरशासमोर टाय सोडत म्हणाले. "अध्यक्ष मात्र दोन्ही बाजू आतून जाणणारा हवा."

आणि सोडलेला टाय त्यांनी पुन्हा नीट बांधून पाहिला.