दोन्हीकडून दिसणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. दारा-खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. हे आधीच सांगतो, कारण इतक्या वर्षांत मला कुणी चादर समजलं, कुणी गादीचं अस्तर, आणि एका शहाण्यानं तर मला गव्हाच्या राशीवर झाकायला नेलं होतं. तो अपमान मी विसरलेलो नाही. पण आज मी खुशीत आहे. परवा कऱ्हाटी गावात माझा जीव भांड्यात पडला, आणि तीच हकीगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म बारामतीतल्या एका शिंप्याच्या ओट्यावर झाला. त्यानं मांजरपाटाचे आठ पन्ने एकमेकांना जोडले, कडेनं काळी पट्टी लावली आणि मला खाजाभाईंच्या हवाली केलं. खाजाभाईंची तंबूची टॉकीज होती. मग काय विचारता! जिथं जत्रा तिथं आम्ही. इंदापूर झालं, डाळज झालं, वालचंदनगरच्या कामगारांपुढेही मी ताठ उभा राहिलो. मला तंबूच्या मधोमध टांगत. पुढच्या अंगाला पुरुष बसत, पाठीमागं बायका. कापड पातळ, त्यामुळं चित्र दोन्हीकडून दिसे. पाठीमागून ते उलटं दिसे एवढंच. तिथून सगळे नायक डावखुरे वाटत, पण बायकांची त्याबद्दल काही तक्रार नसे.

एक गंमत सांगतो. माझ्या अंगावर शेकडो सिनेमे पडले, पण मी स्वतः एकही पाहिलेला नाही. मला आवाज ऐकू येतो आणि बघणाऱ्यांची तोंडं दिसतात. सिनेमा कसा आहे ते मी त्या तोंडांवरून ओळखतो, आणि सहसा चुकत नाही.

खाजाभाईंची एक रीत होती. लोक चुळबुळ करू लागले, की ते मशीन थांबवून दुसऱ्याच सिनेमातलं नाचगाणं मध्ये घुसडत. आत्ता नायिका मेलेल्या बापापाशी रडत होती आणि आता भलतीच बाई नाचते आहे, याचं कुणाला काही वाटत नसे. शिट्ट्या पडत, लोक खाली बसत आणि मूळ सिनेमा पुढे चालू होई. खाजाभाईंना या युक्तीचा फार अभिमान होता. खोटं कशाला बोलू, मलाही होता.

पुढे घरोघर टीव्ही आले, मग हातोहात मोबाईल आले. तंबू गेला, मशीन भंगारात गेलं आणि मी पत्र्याच्या पेटीत. तिथं उंदरांनी माझी एक कड खाल्ली. माझं संपलं असंच मी धरून चाललो होतो.

एके दिवशी पेटी उघडली. खाजाभाईंची नात मेहरीन माझ्याकडे बघत होती. तिनं मला उन्हात घातलं, उंदरांनी खाल्लेल्या जागी ठिगळ लावलं. या मुलीनं स्वतः एक सिनेमा केला होता, सत्तर मिनिटांचा. त्यात दोनच माणसं होती, कऱ्हाटीचे दत्तोबा आणि त्यांची बायको द्वारकाबाई. हे दोघं तीनचाकी टेम्पोत चाळण्या, तवे, उलथनी घेऊन गावोगावच्या आठवडे बाजाराला जातात. सिनेमात तेवढंच होतं. ती दोघं जातात, थांबतात, चहा पितात, पुन्हा जातात. त्यासाठी मेहरीननं दोन वर्षं घालवली होती.

पण द्वारकाबाईंनी आधीच एक अट घातली होती. "पोरी, पयल्यांदा आपल्या गावात दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "गाव हसलं, तर तुझा सिनेमा पेटीत बंद. दुसऱ्या दिशी मला ह्याच बायांच्या दारात चाळण्या घिऊन जायचंय. हसं झाल्यावर कोणत्या तोंडानं उभी राहू?" मेहरीननं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

परवा दुपारी कऱ्हाटीच्या मंगल कार्यालयात खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि मला मधोमध टांगलं. आता बायकाही हव्या तिथं बसतात. द्वारकाबाई मात्र मुद्दाम माझ्या पाठीमागं जाऊन बसल्या. "पुढं बसले तर समदी सिनेमा सोडून माझंच तोंड बघत्याली," असं त्या खाजाभाईंच्या बायकोला, शहाजादीबाईंना, म्हणाल्या. दत्तोबा पुढच्या रांगेत नवी टोपी घालून बसले.

पहिली पाच मिनिटं मोठी झकास गेली. "आरं, ही तर आपली वेस! त्यो बघ दत्तोबा!" प्रत्येक जण शेजाऱ्याला ढोसत होता. मग लोकांच्या बोलण्यावरून मला कळलं, की दत्तोबांचा टेम्पो उसाच्या ट्रॅक्टरमागं सापडला. रस्ता अरुंद. ट्रॅक्टर पुढं, टेम्पो मागं. बराच वेळ ट्रॅक्टर पुढं आणि टेम्पो मागं.

तिसऱ्या रांगेतून दादासो बागायतदार ओरडले, "ह्यो ट्रॅक्टर बाजूला कवा हुणार? आसला रस्ता मी रोज बघतो की!" सगळे हसले. "ही दोघं बोलत का न्हाईत? भांडान झालंय का काय?" कुणी तरी विचारलं, आणि पुन्हा हशा पिकला.

"इंजानाच्या आवाजात बोलायचं कसं, कपाळ!" माझ्यामागं द्वारकाबाई पुटपुटल्या. पण हशाबरोबर त्यांचे ओठ घट्ट मिटत चालले होते, ते मी पाहिलं आणि माझ्या शिवणी आवळल्या.

सगळेच हसत नव्हते हेही सांगायला हवं. दवाखान्यातली निकिता खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. "गप ऱ्हावा की, बघू द्या!" ती मागं वळून म्हणाली. "ह्याला सिनेमा म्हणत्यात व्हय?" "मारामारी पायजे तर घरी जा!" अशी जुंपली. शहाजादीबाईंनी द्वारकाबाईंना कोपरानं हलवलं. "बघ गं, दत्तोबांनी शेंगा सोलून तुझ्या हातावर ठेवल्या. तुझ्याकडं न बघता!" पण दहा-बारा खुर्च्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या. मेहरीन भिंतीला टेकून ओढणीचं टोक चावत होती.

नातीचं ते तोंड दाराशी बसलेल्या खाजाभाईंना बघवेना. जन्मभराची रीत त्यांच्या मदतीला धावली. ते लॅपटॉपवरून सिनेमा चालवणाऱ्या गावातल्या युवराजकडे गेले आणि म्हणाले, "एखादं नाचाचं गाणं लाव. चांगलं दणकून."

युवराजनं लावलं. ढोल वाजले, शिट्ट्या पडल्या, चहाला गेलेले पळत परत आले. खाजाभाईंनी मोठ्या अभिमानानं नातीकडे पाहिलं. मेहरीनचे डोळे भरून आले होते. "दादा, हे काय केलंत?" ती आजोबांना म्हणाली.

"बसवलं की पब्लिक!" म्हाताऱ्याला खरंच कळेना.

तेवढ्यात द्वारकाबाई उठल्या. जी बाई तोंड लपवायला मागं बसली होती, ती माझ्या कडेनं वळसा घालून सगळ्यांपुढं आली आणि मला पाठ लावून उभी राहिली. गाण्याचे रंग तिच्या लुगड्यावर नाचत होते.

"बंद कर रं ते, युवराज. आमचा टेम्पो कुठं गेला?"

गाणं थांबलं.

"आमी ट्रॅक्टरच्या मागं हुतो. बाजार आजून आला न्हाय. पोचू द्या की आमाला."

"पर वहिनी," दादासो जरा नरमून म्हणाले, "त्यात बघण्यासारखं हाय काय?"

"मला तरी कुठं ठावं हुतं? चाळीस वरसं ह्यांच्या शेजारी बसतीया. ह्यांचं ध्यान रस्त्यावर, माजंबी रस्त्यावरच. टेम्पो चालवताना हे कसं दिसत्यात, ते मी आज बघतीया, भाऊजी. तुमाला कटाळा आला तर भाईर च्या हाय. मी बघणार."

आणि त्या दत्तोबांच्या शेजारी जाऊन बसल्या. दत्तोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. काही जण उठून गेले ते गेलेच. दादासो चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले, ना आत ना बाहेर, पण शेवटपर्यंत उभे राहिले. संपल्यावरही एकमत झालं नाही. निकिता म्हणाली, असं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. दादासो म्हणाले, ट्रॅक्टर निम्मा कापा. एक गृहस्थ पहिल्यापासून झोपले होते, त्यांनी सिनेमा फस्क्लास असल्याचं सांगितलं. खाजाभाई नातीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "चुकलो, बेटा. मला वाटलं, माणसं उठली म्हंजे आपण हरलो."

मेहरीननं भीत भीत विचारलं, "मावशी, गाव हसलं. पेटीत बंद करू?"

मी श्वास रोखून धरला. पेटीत सिनेमाबरोबर मीही जाणार होतो.

"हसलं तर हसलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मीबी हसले की एकदा. इंदापुरात कवा दाखवतीस?"

मित्रांनो, त्या क्षणी मी इतका सैल पडलो की वरची दोरी सुटता सुटता राहिली.

म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, सांगतो. मला ओला घडी करू नका, उंदरांपासून जपा. आणि कुणी आपलं साधं जगणं माझ्यावर मांडलं, तर ते आवडलंच पाहिजे असं नाही. कंटाळा आला तर खुशाल उठून चहाला जा. फक्त ज्यांना बघायचं आहे त्यांच्यासाठी ते चालू राहू द्या. कोण जाणे, त्यांच्यात एखादी बाई आपल्या नवऱ्याला पहिल्यांदाच नीट बघत असेल.