पहिल्या मुठीची माती

माझा घरवाला दसरू लई सरळ मानूस. लोक कौतुकानं सांगतेत. मले त्या सरळपनाचा आता वीट आला.

खानीच्या ढिगाऱ्यावरचा लाल चिखल तीन पावसाळे आमच्या धानाच्या बांधीत वाहून आला. धान उभाच होईना, मंग पेरनंबी सोडलं. तेवढ्यात सरकारची योजना आली. चिखल खरडून नेतीन, चांगली माती टाकतीन. अट एकच, मातीचा नमुना खराब निघाला पाहिजे. मी म्हनलं, आमच्याइतका खराब कोनाचा निघते? पहिला नंबर आमचाच.

नमुन्याले योजनेच्या रिना म्याडम आल्या. चप्पल चिखलात रुतली, तशा बांधावरच थांबल्या. कागदावर दसरूचा अंगठा घेतला आन थैली पुढं केली. "दसरूभाऊ, तुमीच आना किलोभर."

मी घरी चहा मांडून राह्यली होती. इकडं यानं थैली भरली ते कोपऱ्यातल्या मोहाच्या झाडाखालच्या मातीनं. ती जागा उंच, तिथी चिखल चढलाच नाई. दरसाली पेरनीची पहिली मूठ आमी देवाच्या नावानं तिथीच टाकतो. वरून यानं खडेबी वेचले.

म्याडम गेल्यावर मले समजलं. "काऊन जी, तिथची काऊन देली?"

"पाहुन्याच्या हातात घान देऊ का?"

राग असा आला का चहाचं भांडं आपटलं. खरं सांगू, मी असती तर मीबी तेच केलं असतं.

कागद आला, माती उत्तम. यादीतून नाव कटलं. दसरू लाल चिखलाची थैली खांद्यावर घेऊन चामोर्शीच्या हापिसात गेला, मी मागं. तिथल्या भैयाजीबाबूनं थैलीकडं पाह्यलंबी नाई. "एका शेताचा एकच नमुना. जमीन चांगली हाय तुमची, खुश राहा ना."

"चांगली हाय तर धान काऊन होत नाई?"

"पेरत नाई म्हनून, बाई."

उन्हाळ्यात ट्रॅक्टर आले. शेजारच्या देवरावभाऊची बांधी खरडली आन तो चिखल आमच्या बांधीत टाकाले लागले. माती साफ, पीक नाई, म्हनून चिखल ठेवाले हीच जागा ठरली म्हने. संमती त्याच अंगठ्याच्या कागदात होती. चाक रुतू नये म्हनून ड्रायव्हरनं कोरडी जागा शोधली. ती एकच होती. पहिली ट्रॉली मोहाखाली रिकामी झाली, आन दसरूनं ड्रायव्हरले पानी नेऊन देलं.

गावात पेरनी सुरू झाली त्या दिवशी तो सवयीनं मूठभर बी घेऊन मोहाकडं गेला. मूठ तशीच बंद करून वापस आला. ते बी मी कोंबड्यांले टाकलं.