डाव्या हाताचे चार टाके

चामड्याच्या बॅगेला स्वयंपाकाचं तेल चोपडून जो माणूस माझ्या दुकानात येतो, त्याला मी आधी पाच मिनिटं बोलून घेते आणि मग बसायला स्टूल देते. ते तेल आत मुरतं, खवट होतं, वर धूळ धरतं ती वेगळीच. भिजलेली बॅग शेगडीपुढे वाळवणाऱ्यांनाही हीच वागणूक मिळते. सावलीत ठेवा, तिला तिच्या चालीनं वाळू द्या, मग थोडं मेण लावा, तेसुद्धा फडक्यानं. हे सगळं ज्ञान अण्णांचं. ते हळू आवाजात सांगायचे, मी भांडल्यासारखी सांगते, एवढाच फरक.

अण्णा म्हणजे माझे वडील. दुकान त्यांचंच, एक लांबट खोली, रस्त्याकडे खिडकी, खिडकीखाली लाकडी टेबल. टेबलाची डावीकडची कड जास्त झिजली आहे, कारण अण्णा डावखुरे होते. आमची शिलाई दोन सुयांची: एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून जायच्या. त्यात कुठली सुई आधी घालता त्यावर टाक्याचा कल ठरतो. माझे टाके उजवीकडे झुकतात, अण्णांचे डावीकडे झुकायचे. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही. मला मात्र ते हस्ताक्षरासारखं ओळखू येतं.

मागच्या मंगळवारी नर्सबाई आल्या आणि टेबलावर एक बॅग ठेवली. मला ओळखायला क्षणही लागला नाही. माझी पहिली बॅग. पस्तीस वर्षांपूर्वी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कापण्यापासून कडा घासण्यापर्यंत मी एकटीनं केलेली. बाई तेव्हा घरोघर जाऊन बाळंतपणं करायच्या आणि ही बॅग खांद्यावर असायची. आता त्यांची नात नर्स झाली होती, सोमवारी कामावर रुजू होणार होती, आणि तिला नवी नको, आजीचीच बॅग हवी होती.

"पट्ट्याची कड उसवलीय तेवढी शिवून दे," बाई म्हणाल्या. "पण मला खरं सांग. अजून वीस वर्षं टिकेल का? औषधं, काचेच्या बाटल्या असतात गं आत. रस्त्यात पट्टा सुटला तर पोरीची फजिती."

टिकेल म्हणजे काय, मी केलीय, असं म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं होतं. कारण खरं सांगायचं तर या बॅगेवर मी आयुष्यभर दोन गोष्टी पोसल्या. एक म्हणजे माझा तोरा. आणि दुसरी म्हणजे अण्णांवरचा राग.

तोरा सोपा आहे. पहिलीच बॅग आणि एकदाही दुरुस्तीला आली नाही. रागाचं असं, की बॅग शनिवारी पूर्ण झाली. अण्णांनी उलटीपालटी करून पाहिली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि "बरी झालीय" म्हणाले. बरी! मी गाल फुगवून आईबरोबर मावशीकडे निघून गेले. सोमवारी दुपारी बाई बॅग न्यायला येणार होत्या. ती मी माझ्या हातानं देणार होते, त्यासाठी इस्त्रीचे कपडे घालून धावत आले. तर अण्णांनी सकाळीच ती बाईंच्या घरी पोचवलेली. मी त्यांना फाडफाड बोलले. माझं कौतुक झालेलं तुम्हाला बघवत नाही, असंही बोलले. त्यावर ते म्हणाले, "वाटेवरच होतं त्यांचं घर." बस. पुढे ते बावीस वर्षं जगले, मी त्यांच्या शेजारी बसून काम केलं, पण हा विषय आमच्यात परत कधी निघाला नाही. राग मी जपून ठेवला होता.

मी आधी पट्टा खिडकीशी उजेडात धरला. वरच्या चामड्याला बारीक, सैल सुरकुत्या पडल्या होत्या. अशा सुरकुत्या जनावराच्या पोटाकडच्या चामड्यालाच पडतात. पट्टा नेहमी पाठीच्या चामड्याचा कापायचा. पाठीचं घट्ट असतं, पोटाचं ओढलं की लांबतं. रंग आणि मेण चढलं की दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून कापण्याआधीच बघावं लागतं. अण्णांनी हे मला शंभर वेळा सांगितलं होतं. आणि मी पाठीचा सगळा तुकडा बॅगेच्या दर्शनी भागावर उधळून, उरलेल्या पोटातून पट्टा काढला होता. दोन थर आहेत, चालून जाईल, असं मनाशी म्हटल्याचं मला आत्ता आठवलं.

पण मग हा पट्टा वर्षभरात वीतभर लांबायला हवा होता. बॅग बाईंच्या गुडघ्याला लागायला हवी होती. मी टेप लावला. पट्टा होता तेवढाच होता.

बाईंना विचारून मी उसवलेल्या कडेपासून टाके कापत गेले. दोन थर वेगळे झाले आणि मधून तिसरी पट्टी निघाली. पाठीचं अस्सल चामडं, रापीनं तासून पातळ केलेलं, म्हणजे बाहेरून जाडी कळू नये. तिच्या एका टोकाला ओळीनं पाच भोकं होती. मधलं भोक ओढून लांबट झालं होतं.

तो अण्णांचा कमरपट्टा होता.

त्या दिवसांत अण्णा पँटीला सुतळी बांधून फिरत होते. कमरपट्टा जुना झाला होता म्हणाले. स्वतः पट्टे करणारा माणूस कमरेला सुतळी बांधतो म्हणून आईनं त्यांना धारेवर धरलं होतं, आणि मी, अजून फुगलेली, त्यांना सुतळीशेठ म्हणत होते. ते हसायचे. दुकानात पाठीचं चामडं मी संपवलं होतं, रविवारी बाजार बंद, नवा माल यायला पंधरा दिवस होते.

मग मी कापलेल्या टाक्यांकडे पाहिलं. सगळे उजवीकडे झुकलेले, माझ्यासारखे. म्हणून तर पाहताक्षणी मी ते माझे समजले होते. फक्त बक्कलाजवळचे शेवटचे चार डावीकडे झुकले होते.

अण्णांनी माझा पट्टा पूर्ण उसवला होता आणि माझ्याच भोकांतून, हात उलटे करून, पुन्हा शिवला होता. शेवटी थकले असतील. चार टाके हाताला सवय होती तसे पडले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना विचारलं, की अण्णा बॅग द्यायला आले तेव्हा काही म्हणाले होते का.

"म्हणाले, लेकीनं केलीय, सगळी तिची आहे," बाई म्हणाल्या. "आणि जाता जाता म्हणाले, पट्ट्याचं काही झालं तर मला सांगा, तिला सांगू नका. काही झालंच नाही म्हणून मग मी विसरून गेले."

मी रडले. गिऱ्हाइकासमोर, दुकानात, पहिल्यांदाच. बाईंनी पाणी प्यायला लावलं आणि जन्मभर बाळंतिणींना समजावलेल्या आवाजात म्हणाल्या, "होतं असं."

त्या गेल्यावर मी पाठीच्या चामड्यातून दोन नवे थर कापले. आता मधल्या पट्टीची खरं तर गरज नव्हती. तरी मी ती पुसली, हलकं मेण दिलं, पाच भोकांसकट परत आत ठेवली आणि शिवायला बसले.

बक्कलाजवळ आल्यावर थांबले. सुया अदलाबदल केल्या, भोकं पाडायची आरी डाव्या हातात घेतली आणि चार टाके अण्णांच्या बाजूला झुकवायला निघाले. दोरा अडकला, सुई बोटात गेली, दुसरा टाका दोनदा उसवावा लागला. चार टाक्यांना मला अर्धा तास लागला.

मग मी बॅगेच्या जुन्या पट्ट्यावरची टाक्यांची भोकं मोजली. पाचशे अठ्ठेचाळीस होती. त्यातली पाचशे चव्वेचाळीस अण्णांनी उलट्या हातानं शिवली होती.