दोन वाजताची आई

शनिवारी आमच्या एल्म फोर्क कॉलेजच्या जिममध्ये दोन वाजता मुलींचा बास्केटबॉलचा सामना असतो आणि चार वाजता मुलांचा. मैदान तेच, बाकं तीच, चीज ओतलेले नाचोजही तेच. दोन वाजता मी आई असते. चार वाजता मी 'कुरिअर' या गावच्या पेपरची क्रीडा बातमीदार होते. मधल्या वेळात बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन अंगातला हिरवा शर्ट काढायचा आणि राखाडी स्वेटर चढवायचा, हा माझा चार वर्षांचा नेम.

"आलीस का गं रोंडा, कात टाकायला?" आरशासमोर लिपस्टिक लावत ग्लेंडा दर वेळी विचारते. तिची शेल्बी माझ्या ब्रिनच्याच संघात आहे.

टाकावीच लागते. पत्रकारांच्या टेबलावर बसणाऱ्याने कुठल्याही संघाचा रंग घालायचा नाही, टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही. माझ्या हिरव्या शर्टावर तर पाठभर चमकत्या खड्यांनी लिहिलंय, 'बाराची आई'. बारा हा ब्रिनचा नंबर.

हा शर्ट विकत मिळत नाही, बरं का. मेन स्ट्रीटवर ट्विलाचं दुकान आहे, त्यात बायकांच्या कपड्यांची वेगळी भिंतच आहे. पण तिथे मिळतं काय? पुरुषांचाच शर्ट कमरेत आवळलेला, गळा उतरवलेला आणि गुलाबी केलेला. कॉलेजचा रंग हिरवा, मग हा गुलाबी आला कुठून? वर छापलेलं असतं, 'माझा हीरो रॅम्सकडून खेळतो'. जिची हीरो तिची मुलगी आहे, तिने काय घालायचं? शेवटी आम्ही सहा आया ट्विलाच्या मागच्या खोलीत बसलो, तिची इस्त्री मागून घेतली आणि एकेक खडा चिकटवून आपापले शर्ट केले. बोटं भाजली, पण हौस फिटली.

नावाचंही तेच. रॅम म्हणजे एडका. मुलांचा संघ 'रॅम्स', मुलींचा 'लेडी रॅम्स'. बाई एडका! इथे कॅन्ससमध्ये अर्धं गाव गुरंमेंढरं पाळून जगतं, तरी यात कुणाला काही वावगं वाटत नाही. निदान आपल्या पेपरात तरी नुसतं रॅम्स लिहू या, म्हणून मी आमच्या संपादकाशी, मार्व्हशी, भांडले. तो म्हणाला, "वाचकांचा गोंधळ होईल." मी म्हटलं, "एडक्याला बाई केलंत तेव्हा नाही झाला तो?" मार्व्ह पोट धरून हसला, आणि 'लेडी' तशीच राहिली.

पण खरी गोची वेगळी होती. पोटच्या पोरीच्या संघाची बातमी आईने लिहायची नाही, हा पेपरचा नियम, आणि तो मलाही मान्य होता. मुलींचे सामने ड्वेन लिहायचा. गेल्या उन्हाळ्यात पेपर एका बाहेरच्या कंपनीने घेतला, कुठली बातमी कुठे छापायची ते ठरवून आमची पानं दूर ओहायोत लागायला लागली आणि ड्वेनला नारळ मिळाला. क्रीडा विभागात उरले मी एकटी. म्हणजे मी लिहायचं नाही आणि दुसरं कुणी नाही. अख्ख्या हंगामात मुलींवर एक ओळ छापून आली नाही, आणि ती माझ्यामुळे. मी बातमीदार नसते, पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर बसत असते, तर पोरींचं नाव कधीतरी छापून आलं असतं. रात्रंदिवस हेच डोक्यात घोळायचं आणि करता मात्र काहीच येत नव्हतं.

फेब्रुवारी संपत आला आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना ठरला. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली सामन्याआधी आईबाबांच्या हातात हात घालून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. आया आपापल्या नंबरचे शर्ट घालतात. मुलगी आईला फूल देते, आई रडते, बाप छताकडे बघतो. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. मी चार वर्षं या एका दिवसाची वाट बघत होते.

मार्व्ह माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला. "रोंडा, शनिवारचा मुलींचा सामना तू लिही. मी वर बोललोय. खाली एक ओळ टाकू, बातमीदाराची मुलगी या संघात आहे म्हणून."

"खरंच?" मला एकदम भरून आलं.

"पण मग त्या दिवशी तू पत्रकार. दोन वाजल्यापासून टेबलावर बसायचं. तो शर्ट नाही, टाळी नाही, मैदानात चालत जाणं नाही. फोटोत तू फूल घेऊन उभी आणि शेजारी तुझ्याच नावाने बातमी, हे मला नाही चालणार."

"अरे, आई आहे मी तिची!"

"म्हणून तर विचारतोय. आई म्हणून जायचंय तर जा, मी हूं की चूं करणार नाही. मग बातमी नाही." तो चष्मा पुसत राहिला. "नियम मी केलेला नाही गं."

त्याच्यावर चिडावं तर तो खोटं बोलत नव्हता.

त्या रात्री ब्रिन हॉस्टेलवरून जेवायला आली होती; जेवताना मी घरात सांगितलं. माझा नवरा कर्ट म्हणाला, "त्यात विचार कसला करायचा? तू तिच्याबरोबर जा. पेपर गेला खड्ड्यात."

ब्रिन बटाटे वाढून घेत होती. ती म्हणाली, "नको, बाबा. लिहू दे तिला."

"बेटा, शेवटचा सामना आहे तुझा," मी म्हटलं.

"माझ्या एकटीचा आहे का? सहा जणी आहोत. शेल्बीचे बाबा दर रविवारी पेपर उघडतात, खेळाचं पान बघतात आणि न बोलता मिटून ठेवतात. तू माझ्याबरोबर चाललीस तर मला बरं वाटेल. तू लिहिलंस तर सहा जणींना वाटेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुझ्याइतकं छान कुणी लिहीत नाही."

तिने 'तू चलच' म्हणावं म्हणून मी जीव टांगणीला लावून बसले होते. एकदा म्हणाली असती, तर मी मार्व्हला उडवून लावलं असतं. ती म्हणाली नाही, आणि मला तिचा अभिमानही वाटला आणि रागही आला.

शनिवारी मी घरूनच राखाडी स्वेटर घालून निघाले. टेबलावर माझ्या शेजारी कॉलेज रेडिओचा म्हातारा वेंडेल होता. दिवे मंद झाले, निवेदकाने एकेकीचं नाव घ्यायला सुरुवात केली. ग्लेंडा शेल्बीच्या हाताला लटकून, हुंदके देत गेली. पाठीवरचे खडे लखलख करत होते. मग माईकवरून आवाज आला, "नंबर बारा, ब्रिन क्लासेन! सोबत वडील कर्ट आणि आई रोंडा!"

निवेदकाला कुणी सांगितलंच नव्हतं. कर्ट आणि ब्रिन दोघंच आले. कर्टने तिचा उजवा हात धरला होता, तिच्या डाव्या हातात पांढरं फूल. लोक आईला शोधायला लागले. मी दहा पावलांवर, वही उघडून बसले होते.

"अगं, जा ना!" वेंडेल कुजबुजला.

"बसलेय मी."

"कोण बघतंय?"

सगळेच बघत होते. मागून कुणीतरी बोललं, "स्वतःच्या पोरीसाठी उठवेना बघ हिला." ब्रिनने इकडेतिकडे पाहिलं नाही. तिने ते फूल बापाला दिलं. तो त्या फुलाचं काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला, आणि इतर बापांसारखं छताकडे बघणंही त्याला सुचलं नाही.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. ब्रिन गुण मिळवणारी नाही. रिंगवरून उसळलेला चेंडू गर्दीत घुसून, कोपरं खात काढून आणायचा, हे तिचं काम. त्याला रिबाउंड म्हणतात. शेवटच्या काही मिनिटांत तिने त्यातला कॉलेजचा विक्रम मोडला. सगळं जिम उठून उभं राहिलं, वेंडेल माईकमध्ये बोंबलत होता. मी बसून होते.

मग चार वाजता मुलांचा सामना, आणि तो संपल्यावर तिथेच बसून मी दोन्ही बातम्या पाठवल्या. मुलींची बातमी लिहिताना माझा जीव बोटांत उतरला होता. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी ट्विलाचा फोन आला. "रोंडा, पेपर बघितलास का? अगं, आपण छापून आलो! अर्धं पान!"

मी पोर्चवरचा पेपर उचलला. खेळाच्या पानावर पाच आया पाठमोऱ्या उभ्या होत्या, पाठीवर पाच नंबर झगमगत होते. वर मथळा, 'लेडी रॅम्सच्या आयांचा झगमगाट'. खाली, सामन्याला जाताना बायकांनी काय घालावं याच्या सूचना आणि ट्विलाच्या गुलाबी शर्टांची जाहिरात. अगदी शेवटी एक वाक्य, की लेडी रॅम्स दोन गुणांनी हरल्या. एकाही मुलीचं नाव नव्हतं. माझी बातमी नव्हती.

ट्विला फोनवर बोलतच होती. ग्लेंडाने म्हणे दहा प्रती घेतल्या. तिला काय म्हणणार? मी म्हटलं, "छान आलाय गं फोटो."

मग मी मार्व्हला घरी फोन लावला; तो वाटच बघत असावा. "मुलांचा सामना जादा वेळात गेला, जागा कमी पडली. ओहायोत पान लावणारा पोरगा नवीन आहे. त्याच्यापुढे तुझी बातमी होती आणि हा फोटो होता. त्याला वाटलं, दोन्ही बायकांचंच आहे, एक पुरे."

"वेबसाइटवर तरी टाक."

"तेही ओहायोवालेच ठरवतात, रोंडा. उद्या बोलतो मी." त्याचा आवाज इतका पडला होता की मलाच त्याला बरं वाटावं असं काहीतरी बोलावं लागलं.

दुपारी ब्रिन कपडे धुवायला घरी आली. पेपर टेबलावरच होता. तिने बघितला, घडी घातली, आणि म्हणाली, "तू लिहिलेलं दाखव."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती उभ्याउभ्या वाचायला लागली. "शेल्बीचं किती भारी लिहिलंयस!" ती हसली. "टोरीचा गुडघा... हे तुझ्या लक्षात होतं?" शेवटपर्यंत गेली. मग परत वर आली, पुन्हा खाली गेली.

"मी कुठेय?"

मी बोट ठेवलं. 'क्लासेनने घेतलेले सतरा रिबाउंड हा कॉलेजचा नवा विक्रम आहे.'

"एवढंच?"

"अगं, आई लिहितेय म्हटल्यावर जपावं लागतं. लोक म्हणाले असते, बघा, पोटच्या पोरीचीच आरती ओवाळतेय."

"कोण लोक, आई?" तिचा आवाज चढला नाही. "छापलंच नाहीये ना कुणी."

"थांब," मी म्हटलं, "आत्ता लिहिते. सगळं लिहिते. तुझ्यासाठी."

"असू दे गं," असं म्हणत ती ड्रायरमधले कपडे काढायला गेली.

मी नवं पान उघडलं. तिने विक्रमाचा तो चेंडू कसा काढला, तिथूनच सुरुवात करायची होती. कुणाच्या खांद्यावरून उडी मारली, कुठल्या हाताने ओढून घेतला, खाली आल्यावर तिने कुणाकडे पाहिलं? मी आठवत बसले. काहीच आठवेना. सगळं जिम उठून उभं राहिलं तेव्हा मी मान खाली घालून सतराचा आकडा लिहून घेत होते.