वीस फूट

गवंड्याने डावा डोळा तळहाताने झाकला, उजवा ताणला आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, तक्ता कुठे आहे तेवढं सांगा."

"समोर," डॉक्टर म्हणाले.

"समोर भिंत आहे."

"नापास."

भरतीच्या त्या लांबलचक व्हरांड्यातला हा एकोणचाळिसावा नापास. नव्या पोरांची नजर अधू का, याची कारणं रकान्यात भरा, असा वरून हुकूम होता आणि डॉक्टर सकाळपासून इमानेइतबारे भरत होते.

"मोबाइल फार बघतोस?"

"माझ्याकडे नाही."

"मग दुसऱ्याचा बघत असशील. वाचन?"

"अजिबात नाही."

"तेच. डोळ्यांना सवयच नाही." डॉक्टरांनी लिहून टाकलं.

गवंडी पायाखालच्या खडूच्या रेघेवरून हलेना.

"पुढच्या महिन्यात माझं भरतीचं वय संपतं, साहेब. घरी जातो, पण हे अंतर किती म्हणायचं?"

"वीस फूट. नियमच आहे."

"पन्नासला दोन कमी. सात वर्षं भिंती बांधतोय."

"दिसत नाही म्हणतोस आणि वर मापं सांगतोस?"

"तक्ता दिसत नाही. अंतर दिसतं."

गणवेशाची मापं घेणाऱ्या शिंप्याची टेप आली. पुन्हा पुन्हा सरकवत मोजलं, तर बरोबर अठ्ठेचाळीस फूट भरले. डॉक्टरांनी सुभेदारांकडे पाहिलं. रेघ त्यांनी मारली होती.

"हुकूमच तसा होता," सुभेदार छाती काढून म्हणाले. "फूट म्हणजे पाय. मी वीस पाय टाकले. आता आमची ढांगच तेवढी, त्याला काय करणार?"

नवी रेघ मारली. एकोणचाळीसही जण पास झाले. गवंड्याने तर अक्षरं संपवून तळाचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला.

"चला, चाळीसच्या चाळीस पास!" सुभेदारांनी घाम पुसला.

डॉक्टर मात्र वहीची पानं उलटत होते.

"सकाळी एकाने अठ्ठेचाळीस फुटांवरून बिनचूक वाचलंय. कोण हा गरुड?"

सुभेदारांची छाती जागेवर गेली. "आमच्या बहिणीचा मुलगा, साहेब."

"मग मामांनीच हाक मारावी."

डॉक्टरांनी जुना तक्ता खिळ्यावरून काढला आणि दुसरा शोधायला कपाटात डोकं घातलं. तेवढ्यात भाचा धावत आला, रेघेवर ताठ उभा राहिला, एक डोळा झाकला आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत घडाघडा वाचू लागला.