पहिलं की दुसरं

थोरलीने मेण लावलेला दोरा दातांनी तोडला आणि तिसऱ्यांदा सुई ओवायला घेतली. टेबलाच्या उजव्या टोकाला धाकटी पुठ्ठ्यावर फूटपट्टी सरकवत होती आणि पुटपुटत होती, "थिक, थिकर, थिकेस्ट."

"कसला जप चाललाय?"

"क्लासचा अभ्यास. जाड, त्याहून जाड, सगळ्यांत जाड."

"इंग्रजीत म्हटल्यावर पुठ्ठा काय पातळ होणार आहे?"

एरवी अशा बोलण्यावर धाकटी खळखळून हसली असती. आज तिने नुसती मान हलवली आणि वही पिशवीत सरकवली. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

पुस्तकबांधणीचं हे दुकान वडिलांचं. त्यांनीच कामं वाटून दिली होती. खिडकीजवळ, डाव्या टोकाला, थोरलीची शिलाई. उजवीकडे धाकटीचा पुठ्ठा आणि खळ. तीस वर्षं दोघी आपापल्या टोकाला बसत आल्या होत्या. लग्न दोघींनीही केलं नाही. लहानपणी नातेवाईक दोघींना शेजारी उभं करून म्हणायचे, थोरलीचा हात आणि धाकटीचा चेहरा. तेव्हापासून थोरलीने हात जपला. तिने शिवलेलं पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवलं, तर पान आपणहून मिटत नसे.

दोन महिन्यांपूर्वी धाकटीने सायकलच्या दुकानावरच्या इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं, तेव्हा थोरलीने विचारलं होतं, "त्रेपन्नाव्या वर्षी?"

"वाचनालयाच्या नव्या बाई इंग्रजीच बोलतात ना," धाकटी म्हणाली होती.

ते खरं होतं. दुकानातलं निम्मं काम त्या वाचनालयाचं होतं. पण आजवर बोटाने दाखवून सगळं भागत होतं, मग आताच काय नडलं, हे थोरलीला उमगलं नव्हतं.

त्यातच मंगळवारी तिच्या हाताला एक खंड लागला. शनिवारी तिनेच शिवलेला. तिने सवयीने पाठीवरून अंगठा फिरवला आणि थबकली. तिची गाठ नेहमी डावीकडे झुकायची. ही उजवीकडे झुकली होती. तिने खालचे खंड चाचपले. आणखी दोन तसेच निघाले. कुणीतरी तिची शिलाई उसवून नव्याने घातली होती, आणि दुकानात माणसं दोनच.

तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर धाकटीने कारण सांगितलं असतं. हल्ली दोरा चांगला येत नाही, बल्ब मिणमिणता आहे, असं थोरली स्वतःला वर्षभर सांगत आली होती, आणि तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

दुपारी धाकटी पुस्तकं पोचवायला गेली. थोरलीने तिच्या पिशवीतून वही काढली आणि खिडकीशी नेली. पेन्सिलीची अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे सरकत होती. फिकट लिहिते, दुसरं काय, असं म्हणत ती वही पदराखाली घेऊन शेजारच्या छापखान्यात गेली. तिथले मुद्रितशोधक, ज्यांना सगळी गल्ली प्रूफवाले म्हणायची, लाल शाईने एका पानाचा समाचार घेत होते.

"जरा वाचून दाखवा. चष्मा घरी राहिला."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. प्रूफवाल्यांनी तो पाहिला. पानावर बोट ठेवून त्यांनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

"पहिलं दुसऱ्यापेक्षा चांगलं. दुसरं जास्त अंधुक. डावी उजवीपेक्षा कमजोर आहे. मागच्या वर्षीपेक्षा आता जास्त वाईट."

"डावी?"

"डावी, डावा, डावं. इंग्रजीत सगळं एकच. आपण लावू तसं."

"कुणाबद्दल लिहिलंय?"

"ते लिहिणारीला विचारा, ताई. मी चुका काढतो, मनातलं काढत नाही." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "बाकी, चूक एकही नाही."

डावीकडे कोण बसतं, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. वाटेत तिला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. वाचनालयाच्या बाई, त्यांना कळेल अशी भाषा, आणि डावीकडची कमजोर झाली हे सांगणारी वाक्यं. शिलाई उसवायची ती पुराव्यासाठीच. काम सगळं एकटीच्या हाती घ्यायचं असेल तर सरळ सांगायचं होतं.

रात्रीचं जेवण होईतो तिने कळ काढली.

"बाईंशी काय बोलतेस हल्ली?"

"काही नाही. पुस्तकं दिली, सही घेतली."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल कशाला बोलेन?" धाकटीने इतक्या झटकन विचारलं, की थोरलीने हातातला घास ताटात परत ठेवला.

गुरुवारी धाकटी क्लासला निघाली, तशी पाच मिनिटांनी थोरलीने दुकानाचं दार ओढून घेतलं. भिंतीच्या कडेकडेने ती सायकलच्या दुकानापर्यंत आली. जिना अरुंद होता. कठडा धरून, प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपत ती वर गेली आणि अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर उभी राहिली.

आत शिकवणारी मुलगी विचारत होती, "फर्स्ट ऑर सेकंड?"

"सेकंड," धाकटीचा आवाज आला. "सेकंड इज क्लिअरर."

"छान. अँड नाऊ?"

"नाऊ इज वर्स."

"'नाऊ इट इज वर्स' म्हणा. आणि मावशी, डॉक्टर फार भराभर बोलले तर घाबरायचं नाही. 'स्लोअर, प्लीज' म्हणायचं. त्यांनाही कळतं."

थोरलीने दाराची चौकट धरली. दोन दिवस मनात बांधलेलं सगळं एकदम निसटलं. धाकटी आजारी होती. आपल्याला न सांगता, आपल्याला कळू न देता, ती डॉक्टरकडे जाणार होती. आणि आपण तिची वही गल्लीत वाचून घेत हिंडलो.

क्लास सुटला. माणसं तिला ओलांडून खाली गेली. सगळ्यात शेवटी धाकटी बाहेर आली आणि तिला पाहून जागीच थांबली.

"ताई? तू कशी आलीस वर?"

"काय झालंय तुला?"

"मला?"

"मी ऐकलं सगळं. डॉक्टर, पहिलं, दुसरं. डोळ्याचंच ना? किती दिवस लपवतेयस?"

धाकटीने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"ताई, डोळा माझा नाही."

खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. पंपाचा आवाज थांबेपर्यंत थोरली तशीच उभी होती.

"मोठ्या दवाखान्यात महिन्यातून एकदा बाहेरचे डॉक्टर येतात," धाकटी सांगू लागली. "चांगले आहेत म्हणे, पण आपली भाषा येत नाही त्यांना. तपासताना भिंगं बदलत विचारतात, हे बरं की ते बरं. चुकीचं उत्तर गेलं तर सगळंच चुकतं. तिथली नर्स घाईघाईने काहीतरी सांगून मोकळी होते. म्हटलं, आपणच शिकावं. सोमवारचा नंबर लावलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं, तर दोरा खराब आहे म्हणाली असतीस."

थोरलीने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"माझी शिलाई उसवत होतीस."

"हो."

"तीन खंड."

"सात," धाकटी म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी थोरलीला उंच खुर्चीत बसवलं आणि तिच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली. समोर भिंतीवर उजेडाचा चौकोन होता. शेजारच्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून, धाकटी बसली होती. उजव्या डोळ्याचं काम लवकर झालं. डॉक्टर विचारत, थोरली सांगे, धाकटी पोचवे. एकदा तिने 'स्लोअर, प्लीज' म्हटलं, तेव्हा डॉक्टर हसले आणि खरंच हळू बोलू लागले.

मग त्यांनी उजवा डोळा झाकला.

"फर्स्ट? ऑर सेकंड?"

"पहिलं," थोरली म्हणाली.

"फर्स्ट इज बेटर," धाकटी म्हणाली.

भिंग टिचकीसरशी बदललं. पुन्हा तोच प्रश्न.

"पहिलंच."

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी चौकटीत काहीच घातलं नाही. हातातलं भिंग हातातच ठेवून नुसता टिच आवाज केला आणि विचारलं.

"पहिलं बरं आहे," थोरलीने सांगितलं.

धाकटीने हे उत्तर पोचवलं नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ते वाट पाहत होते.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "समोर काय दिसतंय?"

थोरलीने खुर्चीचे हात धरले. ती भिंतीकडेच तोंड करून होती.

"धुकं," ती म्हणाली. "पहिलं धुकं, दुसरंही धुकं. तुला येतं ना इंग्रजी? सांग त्यांना नीट."

धाकटीने सांगितलं. वाक्य जुळवायला तिला वेळ लागला, पण अडखळली नाही. डॉक्टरांनी बारीक दिवा घेऊन त्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं, पलीकडे जाऊन काहीतरी लिहिलं, पुन्हा येऊन पाहिलं. मग उजव्या डोळ्यावरचं झाकण काढून ते स्टुलासमोर बसले आणि धाकटीशी बोलू लागले. हळू, एकेक शब्द सुटा करून. मधे धाकटीने काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं आणि आणखी बोलले. एकदा त्यांनी मान हलवली, ते थोरलीला उजव्या डोळ्याने दिसलं.

चौकट उतरवून दोघी बाहेर आल्या. व्हरांड्यात लांबलचक बाक होता, त्यावर माणसं हातात कागद धरून बसली होती.

"काय म्हणाले?"

"उजवा चांगला राहील म्हणाले. थेंब घालायचे, आणि नवा चष्मा."

"एवढंच?"

"एवढंच."

डॉक्टर किती वेळ बोलत होते, ते थोरलीने ऐकलं होतं. तिने धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा धड दिसत नव्हता. आणखी एक पाऊल जवळ गेली असती, तर दिसला असता.

ती जवळ गेली नाही. तिने हात पुढे केला आणि धाकटीचं कोपर धरलं.

"चल," ती म्हणाली. "दुकान बंद आहे सकाळपासून."